धाकटीची गाडी, थोरलीची मांडी

"तू अगदी निर्धास्त जा. परत येशील तेव्हा तुझी गाडी अशी असेल की तुलाच वाटेल, ही आपली नव्हेच, आत्ता कारखान्यातून उतरलीय," थोरली म्हणाली, आणि तिने धाकटीच्या तळहातावरून किल्ली उचलली.

किल्ली म्हणण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. थोरलीच्या स्वतःच्या गाडीची किल्ली कशी, बघितल्याबरोबर किल्ली वाटायची. तिला दात होते, ती भोकात घालावी लागायची, पिळावी लागायची, आणि थंडीच्या दिवसांत गाडीला दोन गोड शब्दही बोलावे लागायचे. ही म्हणजे नदीतला गुळगुळीत काळा गोटा. नुसती खिशात ठेवून जवळ गेलं की गाडी आपणहून आरसे पसरायची, दिवे मिचकवायची, जणू माहेरचं माणूस आलं.

थोरलीच्या गाडीने आजवर कुणालाही डोळा मिचकावला नव्हता.

धाकटी आणि तिचा नवरा मुलीकडे परदेशी निघाले होते, चांगले दोन-तीन आठवडे. त्यांच्या इमारतीखालचं पार्किंग गळतीसाठी उकरून ठेवलेलं, म्हणून नवी हायब्रिड गाडी थोरलीकडे ठेवायची ठरली. थोरलीच्या वाट्याची जागा लांबट होती, एकामागे एक दोन गाड्या उभ्या राहतील अशी. पुढे भिंतीला नाक लावून थोरलीची जुनी गाडी, आणि तिच्या शेपटीमागे आता ही मोत्याच्या रंगाची महाराणी.

"ताई, दोनच गोष्टी सांगते," धाकटी म्हणाली. "हिला दोन बॅटऱ्या असतात. एक मोठी, ती गाडी ओढते. आणि एक छोटी, साधीच, डिकीत असते. कुलपं, दिवे, स्क्रीन, सगळं ती जागं ठेवते. मोठी कितीही भरलेली असू दे, ही छोटी बसली की गाडी उठतच नाही."

"म्हणजे राबायचं मोठीने, आणि रुसायचं धाकटीने," थोरली म्हणाली. "आपल्याच घरातली दिसतेय."

धाकटी हसली. तिचं हसणं लहानपणापासून असंच छान होतं, आणि लहानपणापासूनच थोरलीला ते फार वेळ बघवत नसे.

"आठवड्यातून एकदा तासभर चालू करून ठेव, एवढंच. चालवायची गरज नाही. जागेवरच. आवाज येणार नाही हं, चालू आहे की नाही कळतसुद्धा नाही, इतकी शांत आहे. फक्त बटण दाबताना पाय..."

"चपला काढूनच बसेन गं."

"तसं नाही, पाय आधी..."

"धुऊन बसेन. झालं? तू तिचाकी सायकलवरून पडून रडायचीस तेव्हापासून मी तुला सांभाळतेय. तुझी गाडी नाही का सांभाळता येणार?"

टॅक्सीवाल्याने खालून हॉर्न दिला. धाकटीने घड्याळ बघितलं, ताईच्या गळ्यात पडली आणि गेली. जे सांगायचं होतं ते तिच्याबरोबर विमानात बसून गेलं.

थोरली तशी मनाने वाईट बाई नव्हती. घरी शिवणकाम करायची, पडद्यांच्या कडा, शाळेच्या गणवेशांची तुरपाई, जुन्या कोटांची अस्तरं. तिचा टाका असा की उलटी बाजू कुठली ते शोधावं लागे. रोज सकाळी मशीनचं झाकण उचलण्याआधी ती डोळे मिटून देवाला सांगायची, आज मी कुणाचा हेवा करणार नाही. आणि मनापासून सांगायची. पण देवाने तिला बहीणच अशी दिली होती की बहुतेक दिवशी हा नेम न्याहारीपर्यंतही टिकत नसे. धाकटीचा फोन यायचा. नवं घर, नवा सोफा, जावई किती समजूतदार. थोरली "छान, छान" म्हणायची आणि तिच्या पायाखालचं मशीन आपोआप जोरात पळू लागायचं. तिचे यजमान, ज्यांचं चौकात चष्म्याचं दुकान होतं, ते वर्तमानपत्राआडून म्हणायचे, "धाकटीचा फोन होता वाटतं. पडदा फाटेल."

तर गाडी आली तेव्हाच थोरलीने मनाशी पक्कं केलं होतं. ही गाडी अशी सांभाळायची, अशी सांभाळायची, की धाकटीने एकदा तरी आयुष्यात तोंडाने म्हणावं, ताई, हे मला जमलं नसतं. बस. बाकी तिला काही नको होतं.

पहिल्याच दिवशी ती पाय धुऊन, पुसून, हातात इस्त्रीची चादर घेऊन खाली गेली. ड्रायव्हरच्या सीटवर चादर पसरली. पायाखालचा गालिचा बघितला तर दुधाच्या सायीसारखा पांढरा. त्याच्यावर पाय ठेवायचा? उद्या एक काळं बोट उमटलं तर धाकटी काही बोलणार नाही, नुसतं हसेल. थोरलीने सीट मागे सरकवली आणि पाय वर घेऊन सरळ मांडी घातली. तुरपाईला ती अशीच बसायची. जन्माची सवय.

मग तिने बटण दाबलं.

स्क्रीन उजळला. बारीक सुरावट वाजली. समोरच्या जाळीतून गार वारा आला. आवाज म्हणाल तर कसलाही नाही. थोरली कान देऊन बसली. खरोखरच, चालू आहे की नाही तेसुद्धा कळत नव्हतं.

"काय गाडी आहे," ती पुटपुटली, आणि तिने वाऱ्याचा झोत जरा वाढवला.

तासाभराने ती वर आली तेव्हा यजमानांनी विचारलं, "चालू झाली होती ना नीट?"

"झाली की. काडीचाही आवाज नाही."

"आवाज नाही, मग चालू होती कशावरून?"

"आवाज नव्हता म्हणूनच. धाकटी म्हणालीच होती, चालू असली की आवाज येत नाही."

यजमानांनी क्षणभर विचार केला. "मग आपली गाडी आत्ता खाली चालूच असणार," ते म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. थोरलीने तिकडे लक्ष दिलं नाही. या माणसाला चष्म्याच्या काचेपलीकडचं काही दिसत नाही, असं तिचं जुनं मत होतं.

रात्री पडल्या पडल्या तिच्या मनात आलं, आठवड्यातून एकदा म्हणजे काय. तेवढं तर कुणीही करील. शेजारीण करील. धाकटी म्हणेल, सांगितलं तेवढं केलंस, थँक्यू ताई. त्यात काय राहिलं? रोज करायचं. रोज तासभर. त्या छोट्या बॅटरीला असं खाऊपिऊ घालायचं की ती बाळसं धरील.

आणि रोज नुसतं बसायचं तरी कशाला? थोरली शिवणाची पिशवी घेऊन उतरू लागली. तुरपाईला गाडीइतकी चांगली जागा तिने जन्मात बघितली नव्हती. वर मशीन, कुकर, रस्त्यावरची ठोकाठोक. इथे गारवा आणि शांतता. पार्किंगमध्ये अंधार असायचा म्हणून ती छताचा दिवा लावायची, सुई ओवायला आरशावरचाही. मंद गाणी लावायची. फोन चार्जिंगला लावायची. मांडीवर गणवेश, सुई सरसर चालतेय, आणि मधेच सीटच्या उशीला डोकं टेकून ती विचार करायची की धाकटी या सीटवर रोज बसते. सुई बोटात टोचायची. गालिच्यावर रक्ताचा थेंब पडू नये म्हणून ती बोट लगेच तोंडात घालायची.

कधीकधी स्क्रीन आपोआप मावळायचा. त्यावर बारीक अक्षरांत काहीतरी यायचं. थोरलीच्या नाकावर तुरपाईचा चष्मा, त्यातून दोन वितींपलीकडचं सगळं धुकं. तिला वाटायचं, कंपनीची जाहिरात असेल. ती पुन्हा बटण दाबायची. "लाडावून ठेवलंय अगदी," ती स्क्रीनला म्हणायची. "घटकाभर एकटं सोडायची सोय नाही."

धाकटीला ती रोज फोटो पाठवायची. चकचकीत बॉनेट, पुसलेले आरसे. तिकडून समुद्राचे फोटो यायचे, बर्फाच्छादित डोंगराचे यायचे, आणि खाली लिहिलेलं असायचं, "ताई, इतकं नको गं करूस." हे वाचलं की थोरली आणखी करायची.

आता इमारतीतली माणसं काही आंधळी नव्हती. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई एकदा काचेपाशी वाकून म्हणाल्या, "अगंबाई, नवी गाडी घेतलीत? किती सुंदर."

आता इथे थोरलीने एक वाक्य बोलायला हवं होतं. सोपं वाक्य, "माझ्या बहिणीची आहे." पण हे वाक्य ती इतकी वर्षं बोलत आली होती. सुंदर शाल, बहिणीने दिली. सुंदर घर, बहिणीचं. तिची जीभ त्या दिवशी उठलीच नाही. ती म्हणाली, "बरी आहे."

खोटं ती बोलली नव्हती. गाडी बरीच होती.

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या सेक्रेटरींनी जिन्यात गाठून अभिनंदन केलं. हे गृहस्थ पाण्याच्या टाकीपासून ग्रहगोलांपर्यंत सगळ्यातले जाणकार. "हायब्रिड घेतलीत. फार योग्य निर्णय. मीच तुम्हाला सुचवणार होतो," ते म्हणाले. थोरलीने मान अशी हलवली की तिचा अर्थ ज्याला हवा तो लावता यावा. सेक्रेटरींनी हवा तो लावला. आठवडा संपायच्या आत सगळ्या इमारतीत थोरलीची हायब्रिड झाली. थोरलीला रोज सकाळी देवासमोर डोळे मिटताना जरा अवघडल्यासारखं व्हायचं, पण मग शिवणाची पिशवी खांद्याला लागली की ते जायचं.

आणि धाकटी परतायचा दिवस उजाडला. दुपारी येणार होती, घरी सामान न टाकता थेट इकडे, गाडी घ्यायला.

थोरली सकाळीच मऊ फडकं घेऊन खाली गेली. गोटा खिशात होता. गाडीपाशी उभी राहिली. आरसे पसरले नाहीत. दिवे मिचकले नाहीत. तिने गोट्यावरचं बटण दाबलं. मग दुसरं दाबलं. मग सगळी एकदम दाबली. गाडी जशी उभी होती तशीच उभी, ओळख न दिल्यासारखी.

थोरली वाकली. ती काचेला नाक लावून आत बघत राहिली. आत सीटवर तिची चादर होती आणि बाकी सगळा अंधार.

"अहो," ती वर जाऊन दारातूनच म्हणाली, "ती उठत नाहीये."

"कोण, डॉक्टरीणबाईंची सासू?" यजमान बूट चढवत होते.

"गाडी. धाकटीची."

यजमान खाली आले. त्यांनी गोटा हलवला, फुंकला, शर्टाला पुसला. मग त्यांच्या लक्षात दुसरीच गोष्ट आली. "अगं, ही हलली नाही तर आपली कशी निघणार? आपली पुढे भिंतीशी अडकलीय. दुकान उघडायला एरवी मी चालत जातो, पण आज काचांची जड खोकी न्यायचीत. एक आजोबा चष्म्यासाठी येऊन पायरीवर बसले असतील. त्यांना तर माझं दुकान कुठलं तेही दिसत नाही."

"मग सर्व्हिसवाल्यांना फोन करू?"

"कर की."

"नको. त्यांनी धाकटीला कळवलं म्हणजे?"

यजमानांनी तिच्याकडे बघितलं. तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात माणसाला इतपत कळतं.  त्यांनी रस्त्यावर मदत करणाऱ्या एका भलत्याच कंपनीला फोन लावला. तिथल्या बाईंनी सांगितलं, माणूस संध्याकाळपर्यंत येईल. आणि तोवर हवं तर गोट्याच्या पोटात एक छोटी खरीखुरी किल्ली दडवलेली असते, ती ओढून काढा, दार उघडेल.

ओढली. निघाली. दाराला भोकही होतं, मुठीखाली लपवलेलं. दार उघडलं. "बघ," यजमान म्हणाले, "आतून आपल्यासारखीच आहे." एवढ्या धांदलीतही थोरलीला क्षणभर बरं वाटलं.

तोवर सेक्रेटरी अवतरले. "काय झालं? बॅटरी? काही नाही, ढकला. ढकलली की सुरू होते."

"ही ढकलून होत नाही म्हणतात," यजमान म्हणाले.

"कोण म्हणतं? गाडी ती गाडी."

सेक्रेटरींनी वॉचमनला हाक मारली, दवाखान्यात निघालेल्या डॉक्टरीणबाईंनाही पर्स खाली ठेवायला लावली, आणि सगळ्यांनी मिळून दोन गाड्यांमधल्या फटीत शिरून, बॉनेटला जमेल तसे हात लावून जोर लावला. गाडीची चाकं जागच्या जागी कुलूपबंद. वीज आल्याशिवाय ती सुटणार नव्हती. गाडी तसूभर हलली नाही. सेक्रेटरींची पाठ मात्र हलली. ते "अगगं" म्हणून खांबाला धरून उभे राहिले आणि तिथूनच पुढचे सल्ले देऊ लागले.

"आपल्या गाडीवरून वायर जोडून वीज देऊ," यजमान म्हणाले. त्यांच्याकडे वायरी होत्या. पण त्यांच्या गाडीचं नाक भिंतीशी आणि हिची छोटी बॅटरी पार मागे डिकीत. मधे दोन गाड्यांचं अंतर. वायर धाकटीच्या पुढच्या चाकापर्यंतसुद्धा पोचेना.

"डिकी तरी उघडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"डिकीचं कुलूप विजेवर आहे. आणि वीज डिकीत आहे," यजमान म्हणाले.

वॉचमनने डिकीवर एकदा टकटक करून बघितलं.

"मागची सीट आडवी होते," थोरली हळूच म्हणाली. तिने गाडीतली प्रत्येक कळ पुसून काढलेली, तिला ठाऊक होतं. "तिथून आत शिरता येईल. कुणीतरी बारीक हवं."

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. यजमानांचं पोट, सेक्रेटरींची पाठ, वॉचमनचे खांदे. मग सगळे थोरलीकडे बघू लागले.

थोरलीने एवढ्या घाईतही आधी चपला काढल्या. मग फोनचा दिवा लावला आणि आडव्या केलेल्या सीटवरून कोपरांवर सरपटत आत गेली. डिकी म्हणजे नुसती व्यवस्था. धाकटीची छत्री तिच्या पिशवीत, चालायचे बूट त्यांच्या पिशवीत, आणि सगळ्या पिशव्या एका रंगाच्या. थोरलीच्या डिकीत एक फुटका टब होता. एका कुशीवर पडून, मान वाकडी करून, पिशव्या बाजूला सारताना तिच्या मनात आलं, हिला एवढा वेळ मिळतो कुठून.

आणि मग तिच्या हाताला एक डबा लागला. नवा कोरा, मुठीचा, त्याला लाल आणि काळे चिमटे. वरचं चित्र बघून तिला कळलं. बंद पडलेली बॅटरी उठवायचंच यंत्र होतं ते. कळ दाबली तर हिरवा दिवा लागला. पूर्ण भरलेलं.

आधी तिच्या मनात आलं, म्हणजे हेही आहे हिच्याकडे. आणि त्यानंतरच तिने तो डबा छातीशी धरला.

"अहो, सापडलं," ती आतून ओरडली. "सीटवर जाऊन बसा. मी चिमटे लावते."

तेवढ्यात तिचा फोन तिच्याच हातात वाजू लागला. धाकटी. थोरलीने दचकून तो उचलला.

"ताई, विमान लवकर पोचलं. गेटशीच आहोत. तुझा आवाज असा का येतोय? कुठेयस?"

"आत आहे," थोरली म्हणाली.

"घरात?"

"आतच आहे गं," थोरली म्हणाली आणि फोन ठेवला. ती चिमट्यांकडे वळली. लालला लाल, काळ्याला काळा. सुई ओवणारे हात, पण चिमटा दोनदा निसटला.

बाहेर टॅक्सी थांबल्याचा आवाज आला. चाकांच्या बॅगांची घरघर आली. आणि मग, सगळ्यात वाईट म्हणजे, सेक्रेटरींचा आवाज.

"या, या. तुम्ही ताईंच्या धाकट्या भगिनी ना? जरा गडबड आहे. ताईंनी नवी गाडी घेतलीय, ती नेमकी आज बंद पडली."

डिकीत थोरलीने डबा आणखी घट्ट धरला. बाहेर बॅगांची घरघर थांबली. यजमान सीटवर बसल्या बसल्या स्टिअरिंगकडे असे बघत होते की त्यात त्यांचं दुकान दिसतंय. धाकटीच्या नवऱ्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं असावं, कारण "आईगं" असा त्याचा आवाज आला. कुणीतरी त्याच्या पायावर पाय दिला होता.

"हो ना," धाकटीचा आवाज आला, अगदी सहज. "ताईची गाडी फार सुंदर आहे. मला तर फार आवडते."

थोरलीने डोळे मिटले. हेसुद्धा तिलाच जमावं. निदान ओरडली असती, तर थोरलीला जरा रागवायला तरी जागा राहिली असती.

"भाऊजी," धाकटी म्हणाली, "ब्रेकवर पाय दाबून धरा. घट्ट. आणि मग बटण."

"ब्रेकवर?" यजमान म्हणाले. "ब्रेकचा काय संबंध?"

"त्याशिवाय ती चालू होत नाही. नुसते दिवे आणि गाणी लागतात. ते सगळं त्या छोट्या बॅटरीवर चालतं. ब्रेक दाबलात की तिथे 'रेडी' असं हिरवं येतं. मग मोठी बॅटरी छोटीला भरते."

यजमान प्रामाणिक गृहस्थ. त्यांचा प्रामाणिकपणा दुकानात उपयोगी पडायचा, घरात क्वचितच. ते म्हणाले, "पण ही तर रोज मांडी घालून बसायची. तासन् तास. छताचा दिवा लावून शिवायची."

"रोज?" धाकटीने विचारलं.

"एक दिवस खाडा नाही."

यजमानांनी ब्रेक दाबून बटण दाबलं आणि समोर 'रेडी' उजळलं. स्क्रीनची सुरावट वाजली. आरसे पसरले, दिवे मिचकले, सगळी महाराणी झोपेतून जागी झाल्यासारखी झुळझुळली. आणि धाकटीच्या हातातल्या दुसऱ्या गोट्याला ओळखून डिकीचं झाकण आपणहून, सावकाश, एखाद्या समारंभातला पडदा उघडावा तसं वर गेलं.

आत एका कुशीवर, फोनचा उजेड हनुवटीखाली, केस विस्कटलेले, अनवाणी पाय पोटाशी घेतलेली आणि डबा छातीशी कवटाळलेली थोरली पडलेली होती. तिच्यासमोर धाकटी, धाकटीचा नवरा, डॉक्टरीणबाई, वॉचमन आणि खांबाला धरलेले सेक्रेटरी.

"अरे, ताई आत होत्या होय," सेक्रेटरी म्हणाले.

"आलीस," थोरली धाकटीला म्हणाली.  "प्रवास बरा झाला ना?"

धाकटीने हात पुढे केला, तिला ओढून बाहेर काढलं आणि हाताला धरून वर घेऊन गेली. धाकटीच्या नवऱ्याने गाडी मागे घेऊन वाट दिली आणि यजमान आजोबांच्या चष्म्यासाठी एकदाचे निघाले. मग तो गाडीतच 'रेडी' सांभाळत बसला.

वर स्वयंपाकघरात थोरलीने चहा ठेवला आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. "बोल," ती म्हणाली. "काय बोलायचंय ते एकदा बोलून टाक."

"काय बोलू?"

"तुझी गाडी माझी म्हणून मिरवली. सांभाळायला दिलीस तर मारून टाकली. रोज थोडी थोडी."

धाकटीने फळीवरचे दोन कप खाली घेतले. मग म्हणाली, "ताई, तो डबा डिकीत का होता असं वाटतं तुला?"

थोरली वळली.

"मी ती तीनदा बंद पाडलीय," धाकटी म्हणाली. "तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, सांगितलं होतं, एवढ्या मोठ्या गाडीची हौस कशाला. तिसऱ्या वेळी तर मोठ्या बाजाराच्या पार्किंगमधून बाहेर पडायच्या तोंडाशीच. यांची वाट बघत गाणी ऐकत बसले होते, ब्रेक न दाबता. बसली ती बसलीच. चाकं जाम. मागे सात मजल्यांच्या गाड्या अडकल्या. लोक हॉर्न वाजवतायत, पोलीस आले, शेवटी क्रेन. मी आत बसून रडत होते. आणि तिकडे रेडिओवरचा निवेदक सांगत होता, त्या बाजाराकडे जाऊ नका म्हणून."

थोरलीच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. तिने धाकटीच्या गालावरून हात फिरवला. कितीतरी वर्षांत फिरवला नव्हता. दोघी हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. चहा उतू गेला, तो पुसला, पुन्हा ठेवला.

मग थोरलीने चहा गाळला. कपात साखर ढवळत राहिली, विरघळली तरी ढवळत राहिली.

"रेडिओवर?" तिने विचारलं.

"हो ना."

"म्हणजे सगळ्या शहराने ऐकलं असेल."

"असेलच. गाडीचा रंगसुद्धा सांगितला त्यांनी."

थोरलीने चमचा बशीत ठेवला, आणि कप धाकटीपुढे सरकवत म्हणाली, "आमच्याकडेही बरीच गर्दी जमली होती हं. हवं तर सेक्रेटरींना विचार."